आयुक्तसाहेब, या शहराचा माहितीपट होऊ द्या

प्रति,
मा. आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पिंपरी



मागणी आधी सांगतो, कारणे मागाहून. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात हवामान कसे बदलते आहे आणि त्यात इथे राबणारी माणसे कशी जगताहेत, यावर महापालिकेने एक पूर्ण लांबीचा माहितीपट होऊ द्यावा. त्याला पैसे द्यावेत, दोन पूर्ण वर्षांचा अवधी द्यावा, आणि दिग्दर्शकाच्या कामात महापालिकेने, एमआयडीसीने किंवा कुठल्याही कंपनीने हात घालू नये. तयार झाल्यावर तो महापालिकेच्या नाट्यगृहांतून, शाळांतून आणि कारखान्यांच्या कँटीनमधून दाखवला जावा.

रस्ते, कचरा, पाणी, अतिक्रमणे एवढे सगळे समोर असताना ही मागणी आपल्याला किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. ती तशी नाही, हे पटवून देण्यासाठी पत्र जरा लांबवतो आहे. राग नसावा.

मी या पट्ट्यातल्या एका कारखान्यात ट्रेनिंग विभागात काम करतो. नव्याने भरती झालेल्या मुलांना सुरक्षिततेच्या फिल्म दाखवणे हा माझ्या कामाचा भाग आहे. पडद्यावरचे काय पाहून कामगार सावरून बसतो आणि कशाने डुलक्या घेऊ लागतो, हे त्यामुळे मला नीट ठाऊक झाले आहे. जूनमध्ये पर्यावरण दिन आला की हवामानबदलावरचीही एखादी फिल्म लावतो. बर्फाचे कडे समुद्रात कोसळतात, पांढरे अस्वल तरंगत्या तुकड्यावर उभे असते, एक भारदस्त आवाज पृथ्वी वाचवा म्हणतो. मुले शांतपणे बघतात. एका वर्षी फिल्म संपली, दिवे लागले, तरी कुणी उठेना. ट्रेनिंग रूममध्ये एसी आहे, शॉपमध्ये नाही, एवढेच त्याचे कारण होते. मग आपसात बोलणे सुरू झाले. कुठल्या बेमध्ये सर्वांत जास्त उकडते, पेंट शॉपच्या ओव्हनच्या तोंडाशी कुणाची ड्युटी लागते, हेल्मेटखाली रुमाल बांधला तर सुपरवायझर चालवून घेतो का. ग्राइंडिंगवरचा एक मुलगा म्हणाला की एप्रिल-मेमध्ये तयार जॉबला घामाचा हात लागला की दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे गंजके ठसे उठतात, आणि ते रिजेक्शन त्याच्या नावावर पडते. हातमोजे असतात, पण ते तासाभरात आतून ओले होतात.

उन्हाळा वाढला की लोखंडावर कामगाराच्या बोटांचे ठसे उमटतात, हे मी तोवर कुठल्याही माहितीपटात पाहिले नव्हते. ते पडद्यावर आले असते तर त्या खोलीत एकानेही डोळा मिटला नसता. आपल्या पट्ट्यातला हवामानबदल असा दिसतो, आणि तो टिपायला इथे कुणी कॅमेरा घेऊन उभे राहिलेले नाही.

साहेब, लोकांना माहिती नाही असे आता राहिलेले नाही. 1901 पासूनच्या नोंदींत देशासाठी 2024 हे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, असे हवामान खात्याने जाहीर केले; सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवले. राज्य सरकारचे ‘माझी वसुंधरा’ अभियान ऑक्टोबर 2020 पासून चालू आहे, त्याच्या शपथा आमच्या मुलांनी शाळेत घेतल्या आहेत. ऊन वाढले, पाऊस बेभरवशाचा झाला, हे चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगतो. त्याला ठाऊक नाही ते हे, की त्याच्या अंगावरचे ऊन, त्याच्या गावची आटलेली विहीर आणि त्याच्या हाताखालून रोज बाहेर पडणारी गाडी यांचा एकमेकांशी काही संबंध आहे. तीन वेगवेगळ्या दुःखांसारख्या या गोष्टी तो वेगवेगळ्या वेळी बोलतो. त्या एका ठिकाणी आणण्याचे काम आकडे करू शकत नाहीत. माणसाच्या मागे दोन वर्षे शांतपणे चालणारा कॅमेरा ते करू शकतो.

कारण या पट्ट्यात अशी हजारो आयुष्ये आहेत ज्यांत दोन्ही टोके एकत्र आली आहेत. बीड, लातूर, धाराशिव, जालना, परभणी इथून आलेल्या मुलांना विचारून पाहा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या काळात शेती सोडून जी घरे इकडे आली, त्यांची मुले आज लाइनवर उभी आहेत. पाऊस चुकला म्हणून घर सुटले, आणि पोटासाठी मिळाले ते काम डिझेल-पेट्रोलच्या गाड्या बनवण्याचे. मी यात कुणाला दोषी धरत नाही. मीही त्याच गाड्यांवर पोसलेला आहे, माझ्या मुलीचे शिक्षण त्यावर झाले. पण इतकी मोठी गोष्ट एका माणसाच्या एका दिवसात मावलेली जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल, आणि ती आपल्याकडे गल्लोगल्ली आहे.

चाकणच्या बाजूला म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत गोठ्यांच्या आणि कांद्याच्या वखारींच्या जागी आता भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. वर पत्रा, एक दार, एक छोटी खिडकी, आत चार-पाच मुले. थर्ड शिफ्ट करून आलेला मुलगा सकाळी आठला झोपतो तेव्हा पत्रा तापायला सुरुवात झालेली असते. दहानंतर तो जागाच असतो. काही जण पत्र्यावर पोती पसरून त्यावर पाणी मारतात, पण त्यासाठी पाणी असावे लागते, आणि उन्हाळ्यात ते टँकरने विकत घेतलेले असते. मग पिण्यासाठी ठेवायचे की छपरावर ओतायचे, हा हिशोब रोजचा. अशी अर्धवट झोप झालेला मुलगा रात्री पुन्हा प्रेसवर उभा राहतो. अपघाताच्या नोंदवहीत कारण म्हणून ‘दुर्लक्ष’ लिहिले जाते. त्या दुर्लक्षामागची दुपार त्यात येत नाही. माहितीपटात ती येऊ शकते, कॅमेरा त्या खोलीत दुपारी दोन वाजता बसला तर.

हवामान खात्याचे एक स्वयंचलित केंद्र चिंचवडमध्ये आहे. हिवाळ्यात वर्तमानपत्रांत किमान तापमानाची यादी येते तेव्हा खुद्द पुण्याच्याच परिसरातले राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारखे (एनडीए) ठिकाण आणि चिंचवड यांच्यात अनेकदा काही अंशांचा फरक दिसतो. तिकडे गारठा असतो, इकडे काँक्रीट आणि डांबर रात्रभर ऊब सोडत राहतात. रात्री गार न होणे हे दिवसाच्या उन्हाइतकेच घातक, कारण शरीराला सावरायला तेवढाच वेळ मिळतो.

एवढे सगळे असून चित्र का नाही? एक कारण अगदी समोरचे आहे. या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांच्या गेटवर आत जाताना सिक्युरिटीवाला मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. नव्या गाडीचे डिझाइन बाहेर फुटू नये म्हणून ते असते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परिणाम असा झाला आहे की 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली तेव्हापासून, पुढे आकुर्डीत स्कूटर आणि पिंपरीत ट्रक बनू लागले, 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला, तोपर्यंतचा हा सगळा प्रवास आपल्याला कंपन्यांच्या जाहिरातपटांतूनच दिसतो. त्यात यंत्रमानव वेल्डिंग करतात, ठिणग्या उडतात, गाडी चकचकीत बाहेर येते. माणूस असलाच तर तो स्वच्छ गणवेशात हसत असतो. इथून तासाभराच्या अंतरावर, पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत, 1960 पासून देशाची चित्रपट संस्था आहे. तिच्या जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवात वर्षानुवर्षे जगभरचे पर्यावरणपट पुणेकर पाहत आले आहेत. आणि नाशिक फाट्याच्या पलीकडचा हा पट्टा मात्र पडद्यावर कोरा आहे.

माहितीपटाने काय होणार, असा प्रश्न आपल्या बैठकीत कुणीतरी विचारेलच. त्याला मी आपल्याच घरातली उदाहरणे देईन.

सुमित्रा भावे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत, संशोधन करत. बायकांच्या जगण्याविषयी त्यांनी जे शोधले ते अहवालात राहिले तर ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाच ते कधी कळणार नाही, ही खंत त्यांना कॅमेऱ्यापर्यंत घेऊन गेली. चित्रपटाचे रीतसर शिक्षण नसताना त्यांनी 1985 मध्ये ‘बाई’ आणि दोन वर्षांनी ‘पाणी’ हे लघुपट केले. ज्यांच्याकडून गोष्ट घेतली त्यांच्यापर्यंत ती परत पोचवायची, हा त्यांचा आग्रह आपल्या माहितीपटानेही धरावा असे मला वाटते. आपल्याकडे अहवालांची उणीव नाही. पर्यावरण सद्यस्थितीचा अहवाल महापालिका दरवर्षी काढते. कुरुळीच्या खोलीतल्या मुलाच्या हातात तो कधी पडत नाही, आणि पडला तरी त्यात त्याला स्वतःचा पत्ता लागणार नाही.

दुसरे उदाहरण 2023 चे. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ हा माहितीपट मुंबईच्या कोळ्यांवर आहे आणि त्यातली माणसे मराठीत बोलतात. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. राकेश आणि गणेश हे दोन मित्र. एक बापजाद्यांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ मासे धरतो, दुसरा परदेशात शिकून आलेला, खोल समुद्रात जाणारा, कर्जात रुतलेला आणि बंदी असलेल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे ओढला जाणारा. समुद्र तापतो आहे, मासळी घटते आहे, हे सांगायला त्यात एकही तज्ज्ञ खुर्चीत बसून बोलत नाही. दोघे मित्र बाटली पुढ्यात घेऊन वाद घालतात, एकमेकांना लागेल असे बोलतात, आणि त्या भांडणात बघणाऱ्याला सगळे कळते. दोघांपैकी कुणालाही दिग्दर्शिका खलनायक करत नाही. आपल्या पट्ट्यातही असे दोन मित्र शोधावे लागतील. माझ्या मनात आहेत ते भोसरीत छोटे वर्कशॉप चालवणारे दोघे. इंजिनाला लागणारे गिअर, व्हॉल्व्ह, पिस्टन पिन, सायलेन्सरचे भाग बनवून ज्यांनी घर उभे केले, असे व्हेंडर इथे शेकड्यांनी आहेत. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिनच नसते, तेव्हा यातले पुष्कळ भाग लागतच नाहीत. एक मित्र कर्ज काढून नव्या मशीन घ्यायला निघाला आहे, दुसरा म्हणतो आहे की एप्रिल 2020 ला बीएस-6 चे उत्सर्जन-नियम आले तेव्हाही असेच म्हणाले होते, थांब. हवामान वाचवण्याचा उपायच ज्याच्या पोटावर येतो, त्याची भीती ज्या माहितीपटात नाही तो या शहरात कुणी मनापासून बघणार नाही. आणि कुणी बघूही नये.

तिसरे उदाहरण पानी फाउंडेशनचे. 2016 मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेची सुरुवात झाली. सत्यजित भटकळ आणि त्यांचे सहकारी मुळात पडद्याचे लोक. गावकऱ्यांना समतल चर कसा आखायचा, बांधबंदिस्ती कशी करायची, हे त्यांनी प्रशिक्षणाबरोबर फिल्मच्या मदतीने शिकवले आणि लोकांनी कुदळी उचलल्या. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव जिंकले. पाणलोटाच्या त्या कामाच्या शास्त्रावर पुढे मतभेद झाले, ते व्हावेत. मला त्यातून घ्यायचे आहे ते एवढेच की फिल्म संपल्यावर करायचे काय, हे तिथे आधी ठरलेले होते.

हे महत्त्वाचे आहे. अल गोर यांच्या 2006 च्या ‘अ‍ॅन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’ने जगभर हवामानबदलाची चर्चा घरोघरी नेली. तो पाहणाऱ्यांवर अमेरिकेत अभ्यास झाला. पाहिल्यावर माहिती वाढली, काळजी वाढली, काहीतरी करण्याची तयारीही वाढली. महिन्याभराने पाहिले तर त्या तयारीचे कृतीत रूपांतर झालेलेच असेल असे नव्हते. म्हणून प्रत्येक खेळानंतर तासभर बोलणे हवे, आणि त्या तासाला महापालिकेचा निर्णय घेऊ शकणारा अधिकारी समोर हवा. सत्कार आणि दीपप्रज्वलन नको. लोक विचारतील, अधिकाऱ्याने उत्तर द्यावे, जमत नसेल तर जमत नाही म्हणावे.

त्याच चित्रपटाची दुसरी गोष्टही सांगण्यासारखी. ब्रिटनच्या शाळांत तो दाखवायचा ठरल्यावर एक पालक न्यायालयात गेला. 2007 मध्ये न्यायाधीशांनी चित्रपटाचा गाभा बरोबर मानला, पण नऊ विधाने त्यांना शास्त्रीय मताच्या पुढे गेलेली वाटली. शिक्षकांना तसे टिपण देऊनच तो दाखवावा असे ठरले. विरोधकांनी ती नऊ विधाने वर्षानुवर्षे वापरली. आपल्या माहितीपटात एकही असे विधान असता कामा नये.

म्हणूनच सांगतो, आळंदीच्या इंद्रायणीवरचा पांढरा फेस म्हणजे हवामानबदल नाही. वारी जवळ आली की तो फेस वाहिन्यांवर दिसतो. सांडपाण्यातल्या साबणाच्या आणि रसायनांच्या अंशामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, बंधाऱ्यावरून कोसळताना त्यात हवा घुसळली जाते आणि फेसाचे डोंगर उभे राहतात. हा प्रदूषणाचा प्रश्न आहे, आपण आणि नदीकाठच्या इतर यंत्रणांनी सोडवायचा आहे, आणि त्याला हवामानाचे नाव देऊन कुणीही सुटू नये. तसेच पाण्याचे. नोव्हेंबर 2019 मध्ये शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले ते पाऊस कमी पडला म्हणून नव्हे. त्या वर्षी पवना धरण भरले होते. वाढती वस्ती, गळती, असमान वाटप ही त्याची कारणे. माहितीपटाने हा फरक प्रामाणिकपणे दाखवला, तर जिथे हवामान खरोखर दोषी आहे तिथे लोक त्याच्यावर विश्वास ठेवतील.

आणि तशा जागा आहेत. सर्वांत स्पष्ट जागा पूररेषेची. नकाशावरची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 17 मे 2025 रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले आपल्या महापालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. त्या कारवाईच्या क्लिप सगळ्यांनी पाहिल्या. पोकलेनचा हात भिंतीत घुसतो, बाई रडते, क्लिप संपते. पण ती रेषा कोणत्या नोंदींवर आखली, या प्रश्नाकडे कुणीच वळले नाही. रेषा मागच्या पावसावर आखतात. पाऊस बदलत असेल, थोड्या तासांत खूप कोसळत असेल, तर पंचवीस वर्षांचा पूर दहा वर्षांनीही येऊ शकतो आणि आज रेषेबाहेर निर्धास्त झोपणारी घरे उद्या आत येऊ शकतात. जुलै 2024 च्या अखेरीस पवना-मुळेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा रात्री सामान काढणाऱ्यांच्या हातात कुठलाच नकाशा नव्हता. हा विषय पडद्यावर अर्धा तास मागेल, आणि तो अर्धा तास द्यायला हवा. नदीकाठी घर घेणाऱ्या प्रत्येकाला तो बुकिंगच्या आधी पाहायला मिळाला पाहिजे.

पाण्याचा मागही घ्यावा. पवना धरणातून सुटलेले पाणी नदीतून रावेत बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उपसून निगडीच्या सेक्टर 23 मध्ये शुद्ध होते. आंद्रा धरणाचे पाणी निघोजेजवळ इंद्रायणीतून उचलून चिखलीच्या केंद्रात येते. मावळ आणि खेडच्या शेतकऱ्यांशी आपण या नळांनी बांधलेले आहोत. पवना धरणातून शहराकडे येणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. शहरात नळाला तोटी लावणाऱ्या नव्या पिढीला हे माहीत नसते. पुढच्या काळात पाऊस चुकेल त्या वर्षी हा प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. तेव्हा दोन्ही बाजूंनी एकमेकांचे चेहरे आधी पाहिलेले असावेत.

सरकारी पैसा आणि मोकळा दिग्दर्शक एकत्र येत नाहीत, असे आपले अधिकारी म्हणतील. येतात. 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट चित्रपटगृहांत सक्तीने दाखवले जात, आणि प्रेक्षक मुद्दाम उशिरा येत. पण 1965 ते 67 या काळात जाँ भावनगरी तिथे मुख्य सल्लागार होते. त्यांनी कलावंतांना मोकळीक दिली. एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’, सुखदेव यांचा ‘इंडिया 67’ हे त्याच काळातले. चित्रकार हुसेन यांना कॅमेरा दिला तर त्यांच्या लघुपटाने 1967 मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल आणले. तेच खाते, तोच सरकारी पैसा. उलट उदाहरण चीनचे. पत्रकार चाय जिंग यांनी स्वतःच्या पैशाने हवेच्या प्रदूषणावर ‘अंडर द डोम’ केला, फेब्रुवारी 2015 च्या शेवटच्या दिवशी तो इंटरनेटवर आला, काही दिवसांत दहा कोटींवर वेळा पाहिला गेला. नव्या पर्यावरणमंत्र्यांनी त्याची जाहीर प्रशंसाही केली. पुढच्या काही दिवसांत तो चिनी संकेतस्थळांवरून नाहीसा करण्यात आला. टीका सहन करण्याची ताकद आपल्या महापालिकेत त्याहून अधिक आहे, असे मी मानतो, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

पैशाचे बोलायचे तर जून 2025 मध्ये हरित सेतूसारख्या प्रकल्पांसाठी आपण 200 कोटींचे हरित कर्जरोखे उभारले, मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंद झाली. ते पैसे त्या कामांसाठीच आहेत, त्यातून मी मागत नाही. पण हवामानासाठी बाजारातून कर्ज उचलण्याचा आत्मविश्वास ज्या शहरात आहे, त्याला एका माहितीपटाचा खर्च जड नाही. दिग्दर्शकाची निवड बाहेरच्या तज्ज्ञांनी करावी, त्यांच्यासोबत एक कामगार आणि एक नदीकाठचा शेतकरी असावा. अंतिम संकलन दिग्दर्शकाचे, हे करारात स्पष्ट लिहावे. कारखान्यांच्या बाबतीत आपण आणि एमआयडीसीने मिळून शब्द द्यावा: कॅमेरा माणसावर राहील, गाडीवर नाही, कंपनीने तयार दृश्ये पाहावीत ती डिझाइनचे गुपित उघडे पडते का एवढ्यापुरतीच. या अटीवर दोन-चार कंपन्या नक्की दारे उघडतील. सगळ्यांनी उघडावीत अशी गरजही नाही.

चाकण आपल्या हद्दीत येत नाही, तिथे नगरपरिषद आहे, पीएमआरडीए आहे, एमआयडीसी आहे. पण सकाळी मोटारसायकलवरून भोसरी, मोशी ओलांडून चाकणला जाणारा माणूस आपला मतदार आहे, आणि तिथल्या खोलीतला मुलगा आजारी पडला तर तो आपल्या वायसीएम रुग्णालयातच येतो. माहितीपटाने हद्द पाळू नये.

भाषा मराठी असावी, हिंदी बोलणाऱ्याने हिंदीत बोलावे, ओडिया बोलणाऱ्याने ओडियात, खाली मराठी ओळी याव्यात. निवेदकाचा भारदस्त आवाज नको. मागे बासरी नको, ड्रोनने शहर वरून दाखवणे नको. वरून पाहिले की हे शहर फार सुंदर दिसते.

दाखवायला जागा आपल्याकडे भरपूर आहेत: चिंचवडचे मोरे प्रेक्षागृह, निगडीचे गदिमा नाट्यगृह, संत तुकारामनगरचे अत्रे रंगमंदिर, पिंपळे गुरवचे निळू फुले नाट्यगृह. पहिला खेळ मात्र भोसरीच्या अंकुशराव लांडगे नाट्यगृहात ठेवावा आणि तो गुरुवारी ठेवावा, कारण एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची असते; रविवारी ठेवला तर ज्यांच्यावर तो आहे तेच येऊ शकणार नाहीत. तिकीट नको, पास वाटप नको, पहिल्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखून ठेवणे नको. चाकणला नाट्यगृह नाही. तिथे मार्केट यार्डात, कांद्याचे लिलाव उरकल्यावर, पडदा लावता येईल. थर्ड शिफ्टवाल्यांसाठी संध्याकाळी सातचा खेळ योग्य, म्हणजे पाहून ते वेळेत कामावर पोचतील.

चित्रीकरण मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवे, म्हणजे पहिला उन्हाळा हातचा जाणार नाही. त्यासाठी निवडीची जाहिरात दिवाळीच्या आत निघणे गरजेचे आहे. तेवढे आपण करावे.

आपला,
ट्रेनिंग विभागात काम करणारा एक चिंचवडकर

प्रत माहितीसाठी:
मुख्याधिकारी, चाकण नगरपरिषद
प्रादेशिक अधिकारी, एमआयडीसी, पुणे